गुलाबी कागदावरची मंडई

माझ्या छापखान्यात वर्षभर खरं छापलं जायचं आणि होळी-दिवाळीला खोटं. खरं म्हणजे लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, राईस मिलच्या पावत्या, मंडईची पत्रकं. खोटं म्हणजे माझा विनोदी अंक. वर्षातून दोनदा निघायचा. संपादक मी, लेखक बहुतेक वेळा मीच, छापणारा मी, आणि सायकलला गठ्ठा बांधून पानठेल्यांवर टाकत फिरणाराही मीच. अंकाचं नाव इथे लिहीत नाही. नाव वाचलं की जुने वर्गणीदार राहिलेले अंक मागायला दारात उभे राहतील, आणि माझ्यात आता पळायची ताकद उरलेली नाही.

अंक सुरू झाला तो आमचा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी, नव्याण्णव साली. गोंदियातल्या प्रत्येक दुकानदाराला आपल्या पावतीवरचं ‘जि. भंडारा’ बदलून ‘जि. गोंदिया’ करून हवं होतं, आणि तेही उद्याच. आमचं जुनं ट्रेडल मशीन सकाळपासून खडखडत असायचं. तेच अक्षर काढायचं, तेच अक्षर बसवायचं. असं करता करता माझं डोकं फिरलं. एका दुपारी वीज गेली, तेव्हा बसल्या बसल्या मी दोन जिल्ह्यांचं वाटणीपत्र जुळवून टाकलं. कागदावर न लिहिता, थेट शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत. भाऊ-भाऊ वेगळे निघतात तसं सगळं लिहिलं: तलाव कोणाचे, धान कोणाचं, उन्हाळा दोघांत सामाईक, डास अर्धे-अर्धे, आणि ज्या डासांचं अजून ठरत नाही त्यांनी तूर्त हद्दीवर राहावं.

चार पानं छापली आणि ओळखीपाळखीत वाटली. दुसऱ्या दिवशी एक तेलाचे व्यापारी दुकानात आले. शहरातलं जुनं घराणं, बोलणं सगळं हिंदीतून. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “भैया, इस बँटवारे में हमारे मोहल्ले के मच्छर किधर गए?”

मी म्हणालो, “आपके तो आपही के पास रहेंगे, सेठजी.”

ते इतके हसले की जाताना ‘अगले अंक’साठी जाहिरात देऊन गेले. आता अगला अंक असा काही विचारच मी केला नव्हता. जाहिरात आली म्हणून अंक काढावा लागला. माझी संपादकाची कारकीर्द अशी सुरू झाली, आणि तिच्यात माझं कर्तृत्व किती आणि गोंदियाकरांचं किती, हे मी कधीच लपवलेलं नाही. हसणारे आधी आले, अंक मागून आला.

लोक विचारायचे, विडंबन शिकलात कुठे? मी कुठे शिकणार! खिळे जुळवणाऱ्याला मजकूर उलटा वाचावा लागतो. मी वर्षानुवर्षं लोकांचा आनंद उलटा वाचला, दुःख उलटं वाचलं, निवडणुकीतली फुशारकी तर उलटीच बरी दिसायची. लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ हे इतक्या वेळा बसवलं की, ज्या घरात एकही पोर नाही त्या घराच्या पत्रिकेतही माझे हात आपोआप ते बसवायला जायचे. कोणत्या प्रसंगाला माणूस कोणत्या सुरात बोलतो, ते डोक्याला कळायच्या आधी बोटांना कळलं होतं. अंकात मी फक्त तो सूर घेत होतो आणि आत दुसरंच काही भरत होतो.

एक नियम मात्र पाळला. ज्याच्या घरी मी हक्कानं जेवू शकतो, त्याचीच टोपी उडवायची. अनोळखी माणसाची थट्टा करायला मला भीती वाटायची, आणि ओळखीच्या माणसाची केली नाही तर त्याला वाईट वाटायचं. त्यामुळे अंकात आमची गल्ली असायची, माझे मित्र असायचे, मी स्वतः असायचो, आणि वर्षाआड माझी सासुरवाडी असायचीच.

ही सासुरवाडी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या बाजूला. तलावाच्या पाण्यावर धान करणारं पोवारांचं गाव. माझे सासरे गावचे माजी पोलीस पाटील. उंच, कमी बोलणारे, आणि हसले तरी मिशीतल्या मिशीत. घरात ती मंडळी पोवारीत बोलतात. मी गेलो की माझ्यासाठी झाडीबोलीवर येतात आणि रागावली की पुन्हा पोवारीत शिरतात. त्यामुळे मला तिथे भाषेवरूनच हवामान कळायचं.

त्या गावाला एक दुखणं होतं. गावाची मंडई बंद होती.

दूरच्या वाचकाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल, म्हणून सांगतो. आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारी गावच्या पटांगणात दुकानं लागतात, दंडार होते, म्हणजे गावचे गडी ढोलकीवर गात-नाचतात, गुरं राखणारी गोवारी मंडळी उंच बांबूवर सजवलेली आपली ढाल मिरवत आणतात, आणि रात्री नाटक होतं. लेकी माहेरी येतात, व्याही भेटतात, तिथेच कुठेतरी सोयरिकीही ठरतात. ज्या गावात मंडई भरत नाही, त्या गावाला दिवाळीत कोणी विचारत नाही.

माझ्या सासुरवाडीची मंडई बंद पडली होती ती स्टेजच्या तोंडावरून. पटांगणाच्या एका अंगाला माझ्या सासऱ्यांचं घर, दुसऱ्या अंगाला त्यांच्या थोरल्या चुलतभावाचं. नाटकाच्या स्टेजचं तोंड एकाच्या घराकडे केलं की दुसऱ्याच्या घरच्या बायकांना ओसरीतून नटांच्या पाठी पाहाव्या लागायच्या. एका वर्षी त्यावरून बोलाचाली झाली, ती वाढली, आणि दोघांनी मंडईच सोडली. स्टेजच्या फळ्या राहिल्या सासऱ्यांच्या कोठ्यात, आणि दंडारीची ढोलकी, चाळ आणि लुगडी राहिली चुलत सासऱ्यांच्या माळ्यावर. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही, आणि मागायला कोणी जात नाही. तरुणपणी हे दोघे दंडारीतले नावाजलेले गडी होते. थोरला ढोलकीवर, आणि माझे सासरे लुगडं नेसून नाचायचे.

भांडण झालं तेव्हा माझी बायको लहान होती. चुलत्याला ती मोठेबाबा म्हणायची आणि त्यांच्याच घरी जास्त जेवायची. आमच्या लग्नात मोठेबाबा आले नाहीत. मंगलाष्टकं चालू असताना तिचं लक्ष मांडवाच्या दाराकडे होतं, हे मी आंतरपाटाच्या वरून पाहिलं आहे. आईवडिलांसमोर ती या गोष्टीबद्दल कधी बोलली नाही, पण दर दिवाळीला माहेराहून परतताना ती गप्प असायची.

अंक पाच-सहा वर्षांचा झाला होता. त्या दिवाळीला मी सासुरवाडीच्या मंडईचं खोटं पत्रक लिहिलं. ‘चला! चला! चला! आग्रहाचे निमंत्रण!’ असं खास मंडईच्या थाटात. नाटकाचं नाव ‘जावई आला दारी, फळी मोडली सारी’. नायिकेच्या भूमिकेत गावचे माजी पोलीस पाटील. विदूषक, त्यांचे जावई. संगीत, तलावातील समस्त बेडूक. प्रकाशयोजना, चंद्र, उगवल्यास. सरपंच, मास्तर, दुकानदार, भजनी मंडळ, सगळ्यांना मी काही ना काही काम दिलं. हसू यावं म्हणून लिहिलं, आणि थोडं असंही वाटत होतं की हे वाचून बायको एकदा तरी मंडईचं नाव हसून घेईल.

चूक केली ती छापखानेवाल्यानं. लेखकानं नाही. मी ते पत्रक अंकाच्या पानात छापलं नाही. सुट्ट्या कागदावर छापून अंकात घातलं. कागद तोच पातळ गुलाबी, ज्यावर सगळ्या गावांच्या खऱ्या मंडईची पत्रकं मीच छापत होतो. टाइपही तोच, चौकटही तीच. विडंबन म्हटलं की हुबेहूब व्हायला हवं, हा माझा मेला अभिमान. पत्रकाला वार हवा, म्हणून वारही घातला. आणि कोणाच्या मंडईला त्रास नको म्हणून मुद्दाम असा दिवस निवडला की त्या दिवशी आसपास कुठेच मंडई नव्हती. मला पक्कं ठाऊक होतं, कारण सगळ्यांची पत्रकं माझ्याच मशीनवरून गेली होती.

झालं असं की अंक उघडताच गुलाबी कागद खाली पडायचा. मंडईचं पत्रक हातात आलं की आमच्याकडे माणूस ते चहाच्या टपरीवर किंवा पानठेल्यावर नेऊन चिकटवतो, तशी रीतच आहे. तसं त्यांनी चिकटवलं. आणि टपरीवरचं पत्रक उभ्या उभ्या वाचणारा माणूस दोनच गोष्टी पाहतो, गाव आणि वार. बेडकांपर्यंत कोणी पोचतच नाही.

पत्रकात छापलेल्या त्या दिवशी आम्ही सासुरवाडीलाच होतो. सकाळचं जेवण आटोपून मी ओसरीत लोळत होतो. पटांगणात एक बाई टोपली घेऊन आली, झाडाखाली पोतं अंथरलं, आणि त्यावर उकडलेले शिंगाडे मांडून बसली. सासऱ्यांनी ओसरीतून विचारलं, “बाई, इथी कायले बसून राहिली?”

“आज मंडई हाय न बाबा तुमच्या गावची.”

मला वाटलं, बाईचा वार चुकला असेल. मग एकजण स्टोव्ह आणि कढई घेऊन आला आणि आलुबोंड्यांचं पीठ कालवू लागला. मग माणसांनी गच्च भरलेली काळीपिवळी जीप आली. टपावरही माणसं. नव्या फ्रॉकमधल्या पोरी, टोप्या घातलेले म्हातारे. आणि मग तलावाच्या पाळीवरून ढोलांचा आवाज आला. शेजारच्या गावचे गोवारी ढाल घेऊन येत होते. तेव्हा मला तो गुलाबी कागद आठवला.

बायको आतून धावत आली. माझ्याकडे पाहिलं मात्र, तिला सगळं कळलं. ती अंकाची पहिली वाचक होती, पत्रक तिनं घरीच वाचलं होतं. मला एका बाजूला घेऊन ती म्हणाली, “इतक्या सोयऱ्यांसमोर आज माह्या बाबाची मान खाली गेली न, त तुमचा अंक आपल्या घरात दिसला नाही पाहिजे. माहेर तोडून मले मजाक नाही पाहिजे.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

तोवर कोणीतरी सासऱ्यांच्या हातात गुलाबी कागद दिला होता. त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. नायिकेच्या ओळीवर ते थांबले, हे मला लांबून कळलं.

“हे तुमी छापलं, जवाईबापू?”

“हो, मामाजी.”

“मजाक?”

“मजाक.”

त्यांना हात वर करायला जागा होती. ही आमच्या जावयाची थट्टा आहे, मंडई-बिंडई काही नाही, एवढं सांगितलं असतं तर लोक मला चार शिव्या देऊन परत गेले असते. पण तेवढ्यात दूरच्या गावचे एक म्हातारे व्याही नातवंडांना घेऊन समोर आले आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले, “लय चांगलं केलं पाटील, मंडई चालू केली. मी म्हणो, मरायच्या आधी या गावची दंडार काही दिसत नाही आता.”

सासऱ्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. “या, या. बसा,” ते म्हणाले. “जराक दुपारून भरते आमची.”

त्या दोन शब्दांसाठी, ‘आमची’ आणि ‘भरते’, मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. स्वतःची अब्रू त्यांनी माझ्या खोट्या कागदाच्या मागे उभी केली आणि आता ती सांभाळायची होती. सासूबाईंनी चूल पेटवली, शेजारणी आपापली परात घेऊन आल्या, उडदाचे वडे तळायला लागले. सासऱ्यांनी कोठा उघडला आणि गड्यांकडून फळ्या बाहेर काढल्या. धुळीनं माखलेल्या फळ्या ओसरीसमोर ठेवल्या आणि ते तिथेच उभे राहिले. पुढचं काम त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. ढोलकी कुठे आहे ते पटांगणातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, आणि प्रत्येक माणूस दुसरीकडे पाहत होता.

“मी जातो,” मी म्हणालो.

माझ्याकडे एकच बळ होतं: जावई त्या एका घराचा नसतो, सगळ्या भाऊबंदांचा असतो, आणि त्याला कोणी दारातून परत लावत नाही. भांडण भावांचं होतं, माझ्याशी कोणाचं नव्हतं. मी पटांगण ओलांडायला लागलो. इकडे बायको दारात उभी होती आणि मी मागे वळून पाहत नव्हतो.

चुलत सासरे ओसरीत बसलेले होते. धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पागोटं बांधून. त्यांच्या ओसरीतही पाहुणे येऊन बसले होते, कारण पाहुणे दोन्ही घरांचे. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, “तो कागद आहे का जवर?”

होता. खिशात गुलाबी कागद बाळगून त्या दारात जाणारा मूर्ख मीच.

“वाचा.”

मी वाचला. स्वतःचाच विनोद इतक्या मेल्या आवाजात मी कधी वाचला नसेन. नायिकेच्या ओळीला त्यांचं पोट हललं, पण चेहरा तसाच. बेडकांना पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं. मी चंद्रापर्यंत आलो आणि थांबलो.

“सरलं?”

“हो.”

“यात मी कोठी आहो?”

खरं कारण असं होतं की त्यांचं नाव घातलं तर सासऱ्यांना काय वाटेल, या धाकानं मी त्यांना गाळलं होतं. तसं अर्धवट सांगितलंही. “तुम्हाला राग येईल म्हणून नाही घेतलं, मोठे मामाजी.”

“राग त आता आला न!” ते इतक्या जोरात बोलले की पटांगणातल्या माना वळल्या. “सरपंच घेतला, मास्तर घेतला. तऱ्यातले बेंडकं घेतले. न् मले काऊन सोडलं? मी या गावचा नाही का? का मेलो मी?”

संपादक म्हणून मी पुष्कळ तक्रारी ऐकल्या आहेत. थट्टा झाली म्हणून रुसलेले एक-दोन असतील. पण थट्टेतून वगळल्याचं दुःख मी त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं. त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. इतकी वर्षं त्यांना कोणी चिडवलं नव्हतं. ज्यांनी चिडवायचं ते भाऊ बोलत नव्हते, आणि बाकीचे भीत होते.

मी कागद मांडीवर ठेवला, पेन काढलं, आणि नायिकेच्या खालची मोकळी जागा पाहून म्हणालो, “खलनायक आणि ढोलकी. चालेल?”

त्यांनी विचार केला. “खलनायक चालते. पन शेवटी मारू नोका मले.”

“नाही मारत.”

“मंग लिहा.”

मी लिहिलं. ते उठून आत गेले. माळ्यावरून काहीतरी घसरल्याचा आवाज झाला, धूळ बाहेर आली, आणि मागोमाग ते आले, ढोलकी खांद्यावर आणि चाळांची पिशवी हातात. माझ्या हातात त्यांनी काहीच दिलं नाही. स्वतः पटांगण ओलांडून फळ्यांपाशी गेले. माझे सासरे तिथेच उभे होते.

मिठी वगैरे काही झाली नाही. आमच्याकडे तसं नसतं. थोरल्यानं ढोलकी खाली ठेवली आणि विचारलं, “स्टेजचं तोंड कोनीकडे?”

“तुह्या घराकडे कर,” सासरे म्हणाले.

“नाही. तुह्या घराकडे.”

“मी सांगून राहिलो न, तुह्याकडे.”

“न् मी का बहिरा आहो?”

मग दोघेही पोवारीत शिरले. मला अर्धंच कळलं, पण एवढं समजलं की जुनं भांडण उलट्या बाजूनं पुन्हा सुरू झालं होतं. पाहुणे गंभीर झाले. आलुबोंडेवाल्यानं कढईखालचा स्टोव्ह बारीक केला. तेवढ्यात माझी बायको पिठाचे हात तसेच घेऊन मधोमध आली. “फळ्या मधात टाका,” ती म्हणाली. “तोंड-बिंड काही नोको. ज्याले पाहाचं तो भवताल बसून पाहीन.” दोघांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती दोन्ही घरांत जेवायची, त्यामुळे दोन्ही घरांत तिचं ऐकलं जायचं.

फळ्या पटांगणाच्या मधोमध पडल्या, आणि लोक चारी बाजूंनी बसले. ढोलकीची चामडी सैल झाली होती, ती विस्तवावर तापवली. गोवाऱ्यांनी ढाल बाजूला उभी केली. थोरल्यानं पहिली थाप दिली आणि इतक्या वर्षांनीही हात चुकला नाही. दंडारीतली जुनी गडी माणसं गर्दीतून एकेक उठून आली. आणि मग माझ्या सासऱ्यांनी, गावच्या माजी पोलीस पाटलांनी, खाली बसून पायात चाळ बांधले, उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला आणि फळ्यांवर चढले.

त्यांचं वय झालं होतं, गुडघे वाकत नव्हते. पण मान अशी काही वळायची की समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ते दूरचे व्याही तर टाळ्या वाजवत उभेच राहिले. मी खोटं छापलं होतं, आणि हा माणूस ते माझ्यादेखत खरं करत होता. मला त्या क्षणी जे वाटलं ते कोणत्याही अंकात लिहिता आलं नसतं. बायको माझ्या शेजारी येऊन बसली होती आणि उघड उघड रडत होती. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, आत गेली, आणि माझ्यासाठी ताटलीत वडे घेऊन आली. आदळआपट न करता ती ताटली माझ्यापुढे ठेवली, त्यावरून मी ओळखलं की अंक बचावला.

दिवस मावळायला लागला तसं कोणीतरी विचारलं, नाटक कधी? मी विदूषक होतो, मला बोलणं भाग होतं. फळीवर चढून जाहीर केलं, “रात्रीचं नाटक रद्द. नायिका दमली.” हसण्याचा असा मोठा आवाज माझ्या लेखनाला कधी मिळाला नाही, आणि तो मला मिळाला तोही माझ्या सासऱ्यांच्या जिवावर.

पुढच्या वर्षापासून त्या गावची मंडई दर दिवाळीला भरू लागली. पत्रक मीच छापायचो, तोच गुलाबी कागद, आणि आता अगदी खरं. पण गावाचा हट्ट असा की नायिका आणि खलनायक या दोन ओळी काढायच्या नाहीत. म्हणून खऱ्या पत्रकात त्या दोन ओळी दर वर्षी राहिल्या. फळ्याही मधोमधच पडत राहिल्या.

अंकाचं पुढे फार काही सांगण्यासारखं नाही. ट्रेडल मशीन भंगारात गेलं, कॉम्प्युटर आला. उलटं वाचायची सवय मोडली आणि माझ्या विनोदाची धार जराशी गेली, असं माझं मत आहे. बायकोचं मत असं की ती आधीपासूनच बेताची होती. मग मोबाइलवर रोज सकाळी फुकटचे विनोद यायला लागले. पानठेलेवाला गठ्ठा घेताना म्हणाला, “भैया, अब तो सब लोग खुदही छाप रहे हैं, वो भी बिना मशीन के.” खरंच होतं. मी अंक थांबवला. वाईट वाटलं, पण कडू वाटलं नाही. एका छोट्या शहरानं, ज्याची निम्मी भाषा हिंदी, माझा मराठी थिल्लरपणा इतकी वर्षं पोसला. अडाण्याला वाचून दाखवला, जाहिराती दिल्या, चुका पोटात घातल्या. ज्यांच्या मी टोप्या उडवल्या त्यांनी मला जेवू घातलं. आणखी काय मागायचं?

त्यानंतर एका पावसाळ्यात सासरे गेले. धानाची रोवणी आटोपून घरी आले, जेवले, आडवे झाले, ते उठले नाहीत.

दिवाळीच्या आधी चुलत सासरे छापखान्यात आले. एकटे, काळीपिवळीतून. आता तेही फार थकले होते; पायरीवर मला हात द्यावा लागला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “पत्रक छापा.”

“यंदा, मोठे मामाजी? वर्ष झालं नाही अजून. लोक काय म्हणतील?”

“एकदा बंद केली होती न आमी दोघांनं,” ते म्हणाले. “सुरू कराले तुमची मजाक लागली. आता बंद पडली त कोन सुरू करनार? तुमचा अंकही राहिला नाही.”

मी कॉम्प्युटरवर मागच्या वर्षीचं पत्रक काढलं. वार बदलला. नाटक कंपनीचं नाव बदललं. नायिकेच्या ओळीपाशी आलो आणि हात थांबला. ती ओळ खोडायला माझं बोट जाईना आणि ठेवायलाही धजेना.

“काऊन थांबले?”

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं. बराच वेळ वाचलं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “माह्या ढोलकीवर दुसरं कोनी नाही नाचत.”

मी पत्रक तसंच छापलं. संध्याकाळी एक प्रत घरी आणली. बायकोनं ती उभ्या उभ्या वाचली. मग स्वयंपाकघरात जाऊन वाटीत पीठ कालवलं, गॅसवर खळ केली, आणि तो गुलाबी कागद आमच्या आतल्या दारावर चिकटवला. माझा एकही अंक तिनं कधी भिंतीला लावला नव्हता.

मंडईच्या दिवशी आम्ही गेलो. शिंगाडेवाली होती, आलुबोंडेवाला होता, गोवाऱ्यांची ढाल आली. फळ्या मधोमध टाकल्या होत्या आणि लोक चारी बाजूंनी बसले होते. पत्रकातल्या त्या ओळीबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. चुलत सासऱ्यांनी ढोलकी मांडीवर घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. सासऱ्यांचे चाळ फळ्यांवर ठेवलेले होते. कोणी उठलं नाही. सासरे जितका वेळ नाचायचे तितका वेळ ते वाजवत राहिले, मध्ये मध्ये फळ्यांकडे पाहून हसत, जणू कोणी मान वळवली आहे. आणि आम्ही सगळे त्या मोकळ्या फळ्यांकडे पाहत बसलो. बायकोनं माझा हात घट्ट धरला होता.

मग त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली आणि हाताचा टेका देत उठले.

“नायिका दमली,” ते म्हणाले. “चला, जेवाले.”

आणि आम्ही सगळे उठून जेवायला गेलो.